बर्नआऊटमधून सावरायला केवळ रजा पुरत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पुण्यातील बांधकाम व्यावसायिक, सराफ आणि वाहनविक्रेते यांचे जाहिरातींचे वर्ष साडेतीन मुहूर्तांभोवती फिरते, हे वृत्तपत्राच्या कोणत्याही वाचकाला पानभर जाहिरातींवरून ठाऊक असते. पितृपक्षात बाजार थंडावतो, सदनिकेची नोंदणी पुढे ढकलली जाते. परंतु नेमक्या त्याच पंधरवड्यात त्या जाहिराती तयार करणारी माणसे रात्री उशिरापर्यंत कामाला जुंपलेली असतात, कारण घटस्थापनेला नव्या गृहप्रकल्पाची घोषणा व्हायची असते आणि दसऱ्याच्या योजनेचा मजकूर, दर, चित्रे असे सारे काही शेवटच्या क्षणापर्यंत बदलत राहते. मी या क्षेत्रात दीर्घकाळ काम करत आहे. बर्नआऊटमुळे मला मध्यंतरी काम थांबवावे लागले आणि आता मी पुन्हा कामावर रुजू झाले आहे. सावरण्याच्या काळात जे उमगले, ते अशा अवस्थेतून जाणाऱ्यांसाठी, आणि त्याहून अधिक त्यांच्याकडून काम करवून घेणाऱ्यांसाठी, लिहीत आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात बर्नआऊटचे वर्णन स्वतंत्र आजार म्हणून नव्हे, तर कामाशी निगडित अवस्था म्हणून केले. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ निवळला नाही की ती उद्भवते आणि तिची तीन अंगे आहेत: शक्ती संपून जाणे, कामाविषयी मनात दुरावा किंवा कडवटपणा येणे आणि आपल्या हातून काही धड होत नाही असे वाटणे. यांपैकी पहिले सर्वांना दिसते. मार्केटिंगमध्ये घात करते ते दुसरे, कारण येथे उत्साह हा कामाचाच भाग असतो. नव्या घरात हसत प्रवेश करणाऱ्या कुटुंबाविषयी चार ओळी लिहायच्या असतात आणि त्या लिहिताना मनात काहीही उमटत नाही. ग्राहक कंपनीचा फोन वाजला, तरी तो उचलण्याआधीच चीड येते. मजकूर मात्र वेळेवर जातो, बैठकीत आवाजही नेहमीसारखाच असतो, त्यामुळे शेजारी बसणाऱ्यालाही काही कळत नाही.

डिजिटल जाहिरातींनी या कामाचा शेवटच नाहीसा केला आहे. पूर्वी जाहिरात छापून आली की निदान त्या दिवसापुरते काम संपत असे. आता मोहीम सुरू झाली की खरी टांगती तलवार सुरू होते: किती लीड (म्हणजे जाहिरात पाहून चौकशी करणाऱ्यांच्या नोंदी) आल्या, प्रत्येक लीडमागे किती खर्च झाला, त्यांपैकी किती जण साईटवर आले, हे सारे तासातासाला पडद्यावर दिसते आणि आकडा घसरला की रात्री अकरा वाजताही व्हॉट्सॲपच्या गटात विचारणा होते. वाकड, पुनावळे, हिंजवडी परिसरातील प्रकल्पांना ग्राहक शनिवार-रविवारी भेट देतात, म्हणून ते दोन दिवस सर्वाधिक धावपळीचे ठरतात. त्याबदल्यात आठवड्यात मिळणारी सुट्टी बहुधा कागदावरच राहते.

अशा माणसाला घरचे लोक मायेने सांगतात, की चार दिवस कोकणात जाऊन ये. मलाही ते सांगितले गेले आणि मी गेलेही. झोप थोडी सुधारली, परंतु पुण्यात परतल्यावर पहिल्याच बैठकीत सारे पूर्ववत झाले. पुढे मनोविकारतज्ज्ञांच्या सल्ल्याने दीर्घ रजा घेतली, समुपदेशन घेतले. तळजाईच्या टेकडीवर रोज सकाळी चालण्याचाही मला उपयोग झाला, पण केवळ व्यायाम आणि ध्यान यांनी हे बरे होते असा समज पसरवणे मला अन्यायकारक वाटते. प्रकृती टप्प्याटप्प्याने सुधारते: आधी झोप आणि भूक, मग माणसांत मिसळण्याची इच्छा आणि सर्वांत शेवटी एकाग्रता. बाहेरून माणूस ठणठणीत दिसू लागतो, तेव्हाही एखादा लांब अहवाल सलग वाचणे त्याला जड जात असते, आणि नेमक्या याच सुमारास त्याला कामावर बोलावले जाते. ज्यांना कोणाशी बोलावे हे सुचत नाही, त्यांनी केंद्र सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्यविषयक दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर फोन करावा. तेथे मराठीतही बोलता येते.

मी टिकले, ते परतल्यानंतर काम बदलल्यामुळे. वरिष्ठांनी माझ्याकडील निम्मे ग्राहक दुसऱ्यांकडे सोपवले. सुट्टीच्या दिवशी मोहिमेकडे कोण पाहणार, याची पाळी लावली. नव्या कामाच्या स्पर्धात्मक सादरीकरणांतून मला काही महिने वगळले. यासाठी कंपनीला फार मोठा खर्च आला नाही. प्रत्येक ग्राहकाचे काम किमान दोन जणांना ठाऊक असावे, एवढी एक शिस्त मात्र लावावी लागली, आणि ती सर्वांच्याच उपयोगी पडली. बहुतेक ठिकाणी याउलट घडते. रजा उदारपणे दिली जाते, परत आल्यावर पुष्पगुच्छही मिळतो, आणि दुपारपर्यंत रजेच्या काळात साचलेले काम टेबलावर येऊन पडते.

कायद्याचा आधारही येथे तोकडा आहे. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापनांविषयीच्या २०१७ च्या अधिनियमाने दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांसाठी दिवसाची मर्यादा १० तास करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये घेतला. तथापि व्यवस्थापकीय किंवा पर्यवेक्षी स्वरूपाच्या पदावरील व्यक्तींना हा अधिनियम मुळात लागूच नाही, आणि आमच्या क्षेत्रात हाताखाली एकही माणूस नसलेल्या पंचविशीतल्या मुलामुलींनाही अकाउंट मॅनेजर किंवा सोशल मीडिया मॅनेजर असे पद दिले जाते. त्यांचे काम कोणत्या स्वरूपाचे आहे, हे पदनामावरून नव्हे तर प्रत्यक्ष जबाबदारीवरून ठरवले जावे आणि कामगार विभागाने त्याची तपासणी करावी. कामाच्या वेळेनंतर संपर्कास नकार देण्याचा हक्क देणारे खासदार सुप्रिया सुळे यांचे २०१८ चे खासगी विधेयक कायद्यात उतरले नाही. फ्रान्समध्ये मात्र अशी तरतूद २०१७ पासून अमलात आहे. प्रश्न केवळ सोयीचा नाही. आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांमध्ये, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी अधिक असल्याचे जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मांडले आहे.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर जाहिराती देणाऱ्या पुण्यातील उद्योगांना माझी कळकळीची विनंती आहे, की जाहिरात संस्थेशी करार करतानाच मजकुराला अंतिम मंजुरी देण्याची तारीख, त्यानंतर करता येणाऱ्या बदलांची मर्यादा आणि रात्री संपर्क न करण्याची वेळ त्यात लिहून घ्यावी. संस्था स्वतःहून असा आग्रह धरत नाहीत, कारण काम दुसरीकडे जाईल अशी त्यांना भीती असते. पैसे देणाऱ्यानेच ही अट घातली, तर ती नाकारण्याचे कोणालाही कारण उरणार नाही, आणि दसऱ्याच्या मोहिमांचे करार होण्याआधी हे सहज करता येण्यासारखे आहे.

आपली विश्वासू,
एक वाचक, कोथरूड, पुणे