काकू, या वर्षी व्याज माझ्या भरण्याच्या पुढे गेलं

तीर्थस्वरूप काकूंना,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा पोस्टातून पीपीएफच्या, म्हणजे माझ्या पंधरा वर्षांच्या सरकारी बचत खात्याच्या, पासबुकात नोंदी करून आणल्या. ३१ मार्च २०२५ ची व्याजाची ओळ वाचली आणि तिथल्याच बाकावर बसले. गेल्या वर्षात मी साठ हजार भरले होते आणि व्याज जमा झालं होतं त्याहून दीड हजार जास्त. मी पैसे भरले त्या वर्षांत पहिल्यांदाच खात्याने माझ्या भरण्यापेक्षा जास्त कमावलं. घरी सांगायच्या आधी तुम्हाला सांगावंसं वाटलं. आणि हे पत्र चारचौघांत लिहितेय, कारण तुम्ही जे केलंत ते आपल्या इमारतीतल्या निम्म्या घरांसाठी केलंत आणि त्याची नोंद कुठल्याही पासबुकात नाही.

मार्च २००९. मला नोकरी लागून सात महिने झाले होते. आईच्या आरडीचे, दरमहाच्या ठेवीचे, पैसे न्यायला तुम्ही एजंट म्हणून आलात, पिशवीतून पावती काढता काढता मला विचारलंत, "तुझं स्वतःचं काय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याच आठवड्यात एकजण विम्याची पॉलिसी घेऊन येऊन गेला होता, रंगीत कागदावर मोठमोठे आकडे दाखवून. मी जवळजवळ सही करणार होते. तुम्ही तो कागद वाचलात, त्याच्याबद्दल वाईट एक शब्द बोलला नाहीत. भिंतीवरच्या कालनिर्णयचं फेब्रुवारीचं पान फाडलंत आणि मागे लिहिलंत: महिना हजाराच्या हिशेबाने वर्षाच्या सुरुवातीला एकदम बारा हजार, व्याज आठ टक्के. पंधरा वर्षांत भरलेले १ लाख ८० हजार, हातात सुमारे ३ लाख ५२ हजार. मग त्याखाली दुसरी ओळ: तीस वर्षांत भरलेले ३ लाख ६० हजार, हातात सुमारे १४ लाख ६८ हजार.

"भरणा दुप्पट आणि रक्कम चौपटीच्या वर. का, ते सांग," म्हणालात. मी गप्प. मग तुम्हीच सांगितलंत की पहिली पंधरा वर्षं माणूस खात्याला पोसतो, पुढची पंधरा खातं स्वतःच्या अंगाने वाढतं. आणि मधल्या एकाही वर्षी आयकर त्या व्याजाला हात लावत नाही, म्हणून ते पूर्णच्या पूर्ण मुद्दलात मिसळतं. ते पान अजून माझ्या पासबुकात आहे. व्याजदर पुढे खाली आला, एप्रिल २०२० पासून ७.१ टक्क्यांवर आहे, त्यामुळे तुमचे आकडे तंतोतंत उतरणार नाहीत. पण हिशेबाची चाल तीच राहिली.

फॉर्म भरताना तुम्ही दोन गोष्टींवर अडून बसलात. एक, खातं मार्च संपायच्या आत उघडायचं. पंधरा वर्षं मोजतात ती खातं उघडलं त्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून, त्यामुळे मार्चमध्ये उघडलेलं आणि एप्रिलमध्ये उघडलेलं यात मुदतपूर्तीचं अख्खं एक वर्ष इकडचं तिकडे होतं. दुसरी गोष्ट तुम्ही हळू आवाजात सांगितलीत, आई चहा टाकायला आत गेल्यावर. "हे खातं दोघांच्या नावावर होतच नाही. उद्या लग्न होईल, घर बदलेल, आडनाव बदलेल. हे तुझं ते तुझंच." तेव्हा त्या वाक्याचं वजन कळलं नव्हतं. आज मला मुलगी आहे, आता कळतं. नॉमिनीचा रकाना मात्र तुम्ही रिकामा सोडू दिला नाहीत. लग्नानंतर तो बदलायची आठवणसुद्धा तुम्हीच केलीत.

आता जी गोष्ट कुणालाच माहीत नाही ती लिहिते. माझ्या बारा हजारांच्या भरण्यावर तुम्हाला एक टक्का कमिशन मिळायचं, म्हणजे वर्षाला एकशेवीस रुपये. मी ती पॉलिसी तुमच्या ओळखीच्या कुणाकडून घेतली असती तर पहिल्याच वर्षी त्याच्या कितीतरी पट सुटले असते, हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. मग डिसेंबर २०११ पासून सरकारने पीपीएफवरचं एजंटांचं कमिशन बंदच केलं. त्याच वेळी वर्षाला भरण्याची मर्यादा सत्तर हजारांची एक लाख झाली, व्याज ८.६ टक्के झालं, पेपरात सगळीकडे त्याचंच कौतुक. तुमच्या हातातले रुपये गेले ते मात्र मला कितीतरी वर्षांनी, तेही दुसऱ्याच कुणाच्या बोलण्यातून कळलं. तुम्ही कधी बोलला नाहीत. २०१२ च्या एप्रिललाही तुम्ही जिना चढून आलात, "पाच तारखेच्या आत भर गं" सांगायला.

पाच तारखेचं गणित मी आता ऑफिसातल्या प्रत्येक नव्या मुलीला सांगते. महिन्याची पाच तारीख संपल्यापासून महिनाअखेरीपर्यंत खात्यात जी सर्वांत कमी शिल्लक असेल, तिच्यावर त्या महिन्याचं व्याज धरतात. सहा तारखेला भरलं तर तो महिना गेला. वर्षाचे पैसे एकदम भरणाऱ्याने ५ एप्रिलच्या आत भरले तर बारा महिन्यांचं व्याज मिळतं. तेच मार्चअखेर, कर वाचवायच्या घाईत भरले तर त्या वर्षाचं काहीच नाही. साठ हजारांवर आजच्या दराने हा फरक ४,२६० रुपयांचा आहे, आणि तो दर वर्षी पुढे व्याजावर व्याज घेत जातो.

त्या एप्रिलला मात्र मी भरले नाहीत. नोकरी गेली होती, नंतर गाव बदललं, फोन नंबर बदलला. दोन आर्थिक वर्षं किमान पाचशे रुपयेही खात्यात गेले नाहीत आणि खातं बंद पडलं. मी मनाने ते सोडूनच दिलं होतं. २०१४ मध्ये परत आले तेव्हा जिन्यात भेटलात आणि पहिला प्रश्न खात्याचा. मी रडले, आठवतं? तुम्ही हिशेब सांगितलात: चुकलेल्या प्रत्येक वर्षाचे पाचशे आणि दंड पन्नास. दोन वर्षांचे मिळून अकराशे रुपये. तेवढ्यात खातं पुन्हा चालू, जुनी तारीख कायम. शिवाय आधीच्या शिल्लकीवर व्याज पडतच राहिलं होतं. तुम्ही माझ्यासोबत पोस्टात आलात, खिडकीपाशी पाऊण तास उभ्या राहिलात. तुम्हाला त्यातून एक रुपया मिळणार नव्हता. माझ्या आयुष्यात अकराशे रुपयांनी एवढं मोठं काम दुसरं कुठलंही केलेलं नाही.

खातं तेव्हा सुरू झालं नसतं तर २०१७ मध्ये आईच्या ऑपरेशनला त्यातून काही काढताही आलं नसतं, कारण बंद खात्यातून ना पैसे काढता येतात ना कर्ज मिळतं. सातव्या वर्षापासून पैसे काढता येतात, पण जास्तीत जास्त किती, तर चार वर्षांपूर्वीच्या किंवा मागच्या वर्षाच्या अखेरीच्या शिल्लकीपैकी जी कमी असेल तिच्या निम्मे. मी निम्मेच काढायला निघाले होते. "लागतात तेवढेच काढ," म्हणालात. पंचवीस हजार काढले. ते पुरले.

हल्ली ऑफिसातली तरुण मंडळी मला म्हणतात, नव्या करप्रणालीत ८०सीची, म्हणजे भरलेल्या बचतीवरची, करवजावटच नाही, मग पीपीएफ कशाला? त्यांना मी तुमचंच उत्तर देते. वजावट भरलेल्या वर्षापुरती असते, व्याज करमुक्त राहतं ते शेवटपर्यंत, आणि ते नव्या प्रणालीतही करमुक्तच आहे. तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला एफडीतून कर जाऊन ७.१ टक्के हाती हवे असतील तर बँकेने दहा टक्क्यांहून जास्त द्यायला हवेत. तरी माझं मत असंही आहे की तरुण वयात सगळंच इथे ठेवू नये. महागाईच्या पुढे जायचं तर काही पैसे शेअर बाजारातल्या इक्विटी फंडात हवेत, त्यातली चढउतार सोसायची तयारीही हवी. तुम्हाला हे पटणार नाही. रविवारी भांडू या त्यावर.

१ एप्रिल २०२४ ला खात्याची मुदत पूर्ण झाली. लोकांनी गाडी सुचवली, कुणी सोनं. मी कालनिर्णयच्या पानावरची दुसरी ओळ काढून बघितली. खाली तुमच्या अक्षरात बारीक लिहिलंय, "मुदत संपल्यावर एक वर्षाच्या आत वाढवायचा अर्ज. विसरू नये." तो अर्ज दिल्याशिवाय नुसते पैसे भरत राहिलं तर त्या भरण्यावर व्याज मिळत नाही, हे खिडकीवरच्या मुलाने सांगायच्या आधी मला ठाऊक होतं. २ तारखेला आधी अर्ज दिला, पाच वर्षं वाढवून घेतली, मग साठ हजार भरले. हे दीड हजार वरचे आले ते त्यातूनच.

आणखी एक. परवा पोस्टातून लेकीच्या नावाने खातं उघडायचा फॉर्मही आणला. तिचं आणि माझं मिळून वर्षाची मर्यादा दीड लाखच, ते लक्षात आहे. पालकाच्या रकान्यात माझी सही झाली आहे, बाकीचा फॉर्म कोराच ठेवलाय. रविवारी तिला घेऊन येते. तुमच्या हाताने भरा, चष्मा शोधून ठेवा.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची