खांद्याचं लिहायचं नाही असं ठरवलं होतं

रामबाग, इंदूर
रविवार

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

गाडी हलली तेव्हा दारात उभं राहून तू हात हलवलास, तो डावा होता. बाबा म्हणाले, उजव्या हातात पाण्याची बाटली असेल. बाटली माझ्याच हातात होती, तुला द्यायची राहून गेली. ती अजून ओट्यावर आहे.

शुक्रवारी रात्री मी जे बोलले त्यातलं निम्मं बोलायला नको होतं. तुझी बॅग मी तपासत नव्हते गं. धुतलेले रिस्टबँड ठेवायला बाजूचा कप्पा उघडला आणि त्या दुखण्यावरच्या गोळ्या हाताला लागल्या. दोन स्ट्रिप रिकाम्या, तिसरी अर्धी. त्यानंतर मी काय बोलत होते ते माझं मलाच कळत नव्हतं. "तुला टेनिसमधलं काय कळतं," असं तू म्हणालीस. ते लागलं, पण पत्र त्यासाठी नाही. फोनवर आपण दोघी एकमेकींचं वाक्य पुरं होऊ देत नाही, म्हणून लिहायला बसले. खांद्याचं लिहायचं नाही, असं बाबांना कबूल करून बसले आहे.

टेनिसमधलं मला जे थोडंफार कळतं ते तुझ्यामुळे आणि लीलाबाईंमुळे. बाबांच्या महागाई भत्त्याच्या फरकातून तुझी पहिली रॅकेट आली, तू जिन्याखालच्या भिंतीवर चेंडू मारायला लागलीस, त्याच उन्हाळ्यात मी संस्कृत कवयित्री क्षमाबाई रावांवर टिपणं काढत होते. त्यांची 'सत्याग्रहगीता' मी एम.ए.ला वाचलेली. गांधीजींची चळवळ आणि ती संस्कृतात, गीतेसारखे अठरा अध्याय, १९३२ साली पॅरिसला छापली गेलेली. शंकर पांडुरंग पंडितांची ही मुलगी. एवढे मोठे वेदांचे संपादक, पण ते गेले तेव्हा ही तीन-चार वर्षांची. पुढे तिनेच त्यांचं चरित्र श्लोकांत लिहिलं. ज्या वडिलांचा चेहराही नीट आठवत नसेल त्यांचं! हे सगळं मी वर्गात किती वेळा सांगितलं असेल. पण या बाई टेनिस उत्तम खेळायच्या आणि त्यांची मुलगी लीला विम्बल्डनला खेळली, हे मला त्या उन्हाळ्यापर्यंत ठाऊक नव्हतं. वाचलं आणि वही तशीच टाकून बाहेर आले. तू घामाघूम होऊन त्या भिंतीशी खेळत होतीस. तुला काही बोलले नाही. बराच वेळ उंबऱ्यात उभी होते.

मग रोज रात्री तुला तीच गोष्ट हवी असायची. पाचवीत 'माझा आवडता खेळाडू' या निबंधात तू लीला राव लिहिलंस आणि बाईंनी लाल पेनाने "काल्पनिक लिहू नये" असा शेरा मारला. तू रडली नाहीस. जेवलीही नाहीस. दुसऱ्या दिवशी मी माझे दोन तास बदलून घेतले आणि टिपणांची वही घेऊन तुझ्या शाळेत गेले. बाईंनी शेरा खोडला, पण मार्क वाढवले नाहीत. तुझं म्हणणं होतं, मार्क नकोत, त्यांनी वर्गात सांगावं की ती खरी होती. तेव्हापासून तू अशीच आहेस.

पण मनू, गोष्ट मी तुला नेहमी अर्धीच सांगितली. १९३४ साल, पहिली फेरी, ग्लॅडिस साउथवेलला हरवलं, विम्बल्डनला सामना जिंकणारी पहिली भारतीय बाई. इथे मी दिवा मालवायचे. नऊ वर्षांच्या मुलीला झोपताना पुढचं कशाला सांगायचं, असं वाटायचं. पुढचं असं, की दुसऱ्या फेरीत फ्रान्सच्या इडा ॲडमॉफने तिला हरवलं. पुढच्या वर्षी पुन्हा गेली, तर पहिल्याच फेरीत हरली. तेव्हा बोटीचा प्रवास, जायला आठवडे, यायला आठवडे. तेवढ्या प्रवासात ती काय विचार करत आली असेल, याचा मी आता फार विचार करते. आणि परत आल्यावर १९३६, १९३७, १९३८, ओळीने तीन वर्षं ऑल इंडिया स्पर्धा जिंकली. पहिल्यांदा जिंकली होती १९३१ साली, आणि १९४३ सालीही जिंकली. म्हणजे बारा वर्षं. ती जड लाकडी रॅकेट, बारा वर्षं आणि तोच एक हात.

बघ, आलेच मी हातावर.

मग लिहूनच टाकते. गेल्या महिन्यातली तुझी मॅच मी मोबाइलवर पाहिली. बाबांना सांगितलं नाही, त्यांना वाटतं मी पाहिलं की तू हरतेस. दुसऱ्या सेटपासून प्रत्येक सर्व्हिसनंतर तू हात खाली सोडून झटकत होतीस. आधी वाटलं, घाम असेल. मग लक्षात आलं, टॉवेलसुद्धा डाव्या हाताने घेतेस. घरी आल्यावर तीन दिवस तू मागे हुक असलेला एकही कुर्ता घातला नाहीस आणि झोपलीस ती डाव्या कुशीवर. लहानपणापासून तू उजव्या कुशीवर, भिंतीकडे तोंड करून झोपतेस. मी टेनिस खेळले नाही, पण ही झोप मी एकोणीस वर्षं पाहते आहे.

गोळी घेतली की दुखायचं थांबतं. मग तू पूर्ण जोर लावतेस आणि आत जे काही दुखावलंय ते आणखी दुखावतं. वर त्या गोळ्या रिकाम्या पोटी. सकाळी सातची मॅच, म्हणजे तू केळं खाल्लं असशील फार तर. रबर बँडचे व्यायाम फिजिओने लिहून दिले होते, तो कागद मला तुझ्या कपाटात सापडला, घडीसुद्धा मोडली नव्हती. तिथल्या कोच सरांनी "दोन आठवडे ओढून ने" म्हटलं म्हणून तू ओढणार. त्यांच्याकडे खेळाडू पुष्कळ आहेत. एमआरआय करायला एक दिवस जातो, एक दिवस! खेळायचं असेल तर आधी शरीर, हे दहावीतल्या मुलालाही

नाही. मी पुन्हा वर्गात उभी राहिले. ३१ वर्षांची सवय आहे, माफ कर.

मामाचा विषय काढणार नव्हते. पण तुला वाटत असेल की आई गोळ्या पाहून एवढी का भडकली, तर ते तेच आहे. मामाची कंबर दुखायची, दुकान तर उघडायलाच हवं, म्हणून रोज सकाळी चहाबरोबर एक. कोणाला विचारलं नाही, कोणाला सांगितलं नाही. शेवटी किडन्या गेल्या. मंगळवारी आणि शुक्रवारी मी त्याला डायलिसिसला रिक्षाने घेऊन जायची तेव्हा तू सहावी-सातवीत होतीस. घरी यायला उशीर झाला की तुला सांगायची, शाळेत मीटिंग होती. मशीनला लावलेला त्याचा हात मी चार-चार तास बघत बसायची. त्याने मला आधी सांगितलं असतं तर, हे मनातून जात नाही. तुझं वय वेगळं, तुझं दुखणं वेगळं, डॉक्टर हेच म्हणतील, मला कळतं. शुक्रवारी तू मामासारखीच म्हणालीस, "काही नाही गं, थोडंसं आहे." तोच सूर. पुढचं सगळं मग मी त्याच्यावर ओरडले, तुझ्यावर नाही.

टेनिस सोड असं मी म्हटलेलं नाही. तू तसंच ऐकलंस, हे तुझ्या चेहऱ्यावर दिसलं. आत्या काय म्हणते, शेजारी काय म्हणतात, कॉलेजचं वर्ष वाया गेलं, यातलं काहीही माझ्या मनात नाही. तुझ्या बाराव्या वर्षी तुझे सामने होते तेव्हा मी प्रेक्षकांत बसून सहामाहीचे पेपर तपासत होते. ड्यूस म्हणजे काय ते मला शेजारच्या बाईंनी सांगितलं. तिसऱ्या सेटमध्ये तू सर्व्हिसच्या आधी चेंडू तीनदा आपटलास आणि तुझे ओठ हलले. मला इतक्या लांबून कळलं, तू "रामः रामौ रामाः" म्हणते आहेस. एकेका आपटीला एकेक रूप. त्या दिवशी एका मुलाचे पेपर मी दुसऱ्यांदा तपासले, कारण पहिल्यांदा मला अक्षरं दिसत नव्हती. हे तुला कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

सानिया मिर्झाचं तर तुला माझ्याहून जास्त माहीत. २००७ साली एकेरीत जगात २७वी, २००८ला बीजिंगमध्ये मनगटामुळे सामना अर्धा सोडावा लागला. किती लहान होती तेव्हा, एकवीस. पुढे एकेरी सोडून दुहेरीत आली आणि २०१५ साली जगात पहिली, हिंगिसबरोबर विम्बल्डनही. तो सामना आपण दोघींनी रात्री जागून पाहिला होता, बाबा सराफ्यातल्या खाऊगल्लीतून गराडू घेऊन आले होते. नाही, गराडू थंडीतले, तेव्हा भुट्ट्याचा कीस होता. बीजिंगला ती थांबली नसती तर पुढचं झालं असतं का, ते मी डॉक्टर नाही, मी कसं सांगणार. पण ती लोकांसमोर थांबली. लपवलं नाही. मला तेवढंच दिसतं.

लीलाबाईंनी पुढे आईच्या कथांवरून संस्कृत नाटकं लिहिली, नृत्यावर पुस्तक लिहिलं, नवरा नेपाळमध्ये राजदूत होता तेव्हा हिमालयात हिंडल्या. १९६४ साली तो एव्हरेस्टच्या वाटेवरच्या खुंबू भागातच वारला. हे मी तुला सांगते आहे ते "बघ, टेनिसशिवायही आयुष्य असतं" असं म्हणायला नाही. तसं म्हणायला मी सुरुवात केली होती, वरचा कागद फाडला. मला त्या दोघी मायलेकी आवडतात, एवढंच. आई लिहायची, मुलगी खेळायची, आणि आईचं लेखन पुढे मुलीनेच नेलं. त्यांचीही भांडणं होत असतील. आई स्वतः खेळलेली, म्हणजे तिला "तुला काय कळतं" असं तरी ऐकावं लागलं नसेल.

तर एवढंच कर. सरांना सांग किंवा सांगू नकोस, ते तुझं तू ठरव. मला सांग. रात्री दुखतं का, हात वर नेताना दुखतं की खाली आणताना, किती दिवस झाले. मी सल्ला देणार नाही, नुसती ऐकेन. एमआरआयचा दिवस ठरला तर मी गाडीत बसते. तू आत यायला नको म्हणालीस तर बाहेर बाकावर बसेन. पुढच्या आठवड्यातली स्पर्धा खेळायची की नाही हे मी विचारणार नाही, असं ठरवलंय. खेळणार आहेस का?

बेसनाचे लाडू आणि लसणाची शेव बाबा कुरिअरने पाठवत आहेत. डबा तू रागात ठेवून गेलीस, पण लाडू कोणी खाल्ले नाहीत. बाबा रोज संध्याकाळी जिन्याखाली जाऊन उभे राहतात. काही शोधताय का विचारलं तर म्हणाले, दिवा लावायला गेलो होतो.

तुझी,
आई

ता. क. त्या स्ट्रिपवरचं नाव मी घाईत नीट वाचलं नाही. गोळीचं नाव आणि किती मिलिग्रॅमची आहे ते आजच कळव. दिवसातून किती घेतेस तेही. खरं लिही.