गाव सोडण्याआधी कागद जुळवून घ्या

संपादक महोदय,

कामासाठी शहरात आलेल्या कुटुंबाची सुरुवातीची फरफट पैशांइतकीच कागदांमुळे होते. त्यातली बरीचशी गावातच टाळता येते, म्हणून हे पत्र.

गाव सोडताना रेशनकार्डावरून नाव कमी करून घेणे ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. शहरात नवे कार्ड होईपर्यंत धान्य बंद होते, आणि नाव कमी करण्याची गरजच नसते. 'एक देश, एक रेशनकार्ड' योजनेत अन्नसुरक्षेतले कार्ड देशात कुठल्याही रेशन दुकानात चालते. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य मिळते. त्यातले काही शहरात आणि उरलेले गावी राहिलेल्या आईवडिलांनी, असेही उचलता येते. घोडे अडते ते मशीनवर. ज्याचे आधार रेशनकार्डाला जोडलेले नाही त्याचा अंगठा मशीन घेत नाही, आणि विटा-सिमेंटच्या कामाने झिजलेल्या बोटांचे ठसे उमटत नाहीत. त्यामुळे निघण्याआधी गावच्या दुकानात घरातल्या प्रत्येकाची ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळखीची पडताळणी, करून घ्यावी आणि कोणते बोट नीट लागते ते पाहून ठेवावे. आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे का, हेही तपासावे. तो बंद असेल तर ओटीपी येत नाही आणि पुढची कामे खोळंबतात. शहरातल्या दुकानदाराने धान्य नाकारले तर १४४४५ या क्रमांकावर तक्रार करता येते.

खोली घेताना नोटरीच्या कागदावर समाधान मानू नये. ती नोंदणी नव्हे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल आणि अटींवरून वाद झाला, तर मालक उलट सिद्ध करेपर्यंत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. हे फार थोड्यांना ठाऊक असते. अनामत रक्कम करारात आकड्यासह लिहून घ्यावी. रोख दिलेली, करारात न आलेली अनामत खोली सोडताना परत मिळवणे फार अवघड जाते. पुढे आधारवरचा पत्ता बदलायलाही हाच नोंदणीकृत करार उपयोगी पडतो.

आधीच्या शाळेचा दाखला आला नाही म्हणून मूल घरी बसवू नये. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम ५ प्रमाणे दाखल्याला उशीर झाला या कारणावरून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. आठवीपर्यंत हे लागू आहे.

बांधकामावर जाणाऱ्यांनी प्रत्येक ठेकेदाराकडून काम संपतानाच दिवसांचा दाखला घ्यावा. बांधकाम कामगारांच्या कल्याणकारी मंडळात नोंदणीसाठी मागच्या वर्षभरातले ९० दिवसांचे काम दाखवावे लागते. ठेकेदार दुसऱ्या साइटवर गेला की त्याला शोधणार कोण?

ग्रामपंचायतींनी स्थलांतराच्या हंगामाआधी एक दिवस रेशन दुकानदार, मुख्याध्यापक आणि सेवा केंद्रचालक यांना एकत्र बसवून ही कामे उरकून द्यावीत. शहरातल्या रेशन दुकानांवर 'बाहेरगावचे कार्ड येथे चालते' अशी ठळक पाटी लावणे पुरवठा विभागाने सक्तीचे करावे, ही आमची मागणी आहे.

— स्थलांतरित कुटुंबांना कागदपत्रांसाठी मदत करणारे काही कार्यकर्ते