चहा नको म्हणाले, हे तुम्ही लिहून घेतलंत

सिस्टर,

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं. रात्री दोन वाजता तिसऱ्या मजल्यावर खिडकीजवळच्या कॉटकडे धावत आलेल्या रॅपिड रिस्पॉन्स टीममधल्या (पेशंट अचानक ढासळला की धावून येते ती टीम) तुम्ही. कॉटवर माझे वडील होते, हर्नियाच्या ऑपरेशननंतरचा दुसरा दिवस.

संध्याकाळपासून मी सांगत होते, नाना नेहमीसारखे नाहीत. चहा नको म्हणाले. चहाला नाही म्हणणारे नाना मी उभ्या आयुष्यात पाहिले नव्हते. ड्यूटीवरचे डॉक्टर दारातूनच म्हणाले, "वय झालंय ताई, तुम्ही उगाच टेन्शन घेता." तक्त्यावर मिनिटाचे श्वास दुपारी २०, चारला २०, रात्री दहाला २०. बंद घड्याळच ते! शेवटी रात्रपाळीच्या नवख्या सिस्टरनी, ओरडा बसेल हे माहीत असून, तुमच्या टीमला फोन केला. त्यांचेही आभार.

मग नळ्या, मशीन, इंजेक्शनं. त्यातलं मला काही कळलं नाही. पण तुम्ही नाडी बघतोय असं दाखवत नानांचं मनगट धरलंत आणि पूर्ण मिनिटभर त्यांच्या छातीकडे बघत राहिलात. श्वास मोजतायत हे कळलं की माणसाचा श्वास बदलतो, हे मला नंतर समजलं. "बत्तीस," तुम्ही म्हणालात. बारा ते वीस हवे असतात. छातीत इन्फेक्शन पसरत होतं.

आणि मग माझ्याकडे वळून, "ताई, तुम्ही रोज बघता त्यांना. आज काय वेगळं वाटतंय?"

मी ओशाळत चहाचं सांगितलं. तुम्ही हसला नाहीत. कागदावर लिहून घेतलंत.

लंडनमध्ये २०२१ साली मार्था मिल्स ही तेरा वर्षांची मुलगी सेप्सिसने गेली, म्हणजे इन्फेक्शनमुळे शरीराचे अवयवच निकामी होत जातात त्याने. आईवडील काळजीने सांगत होते, त्यांचं ऐकलं गेलं नाही. आता इंग्लंडमधल्या अनेक रुग्णालयांत घरच्यांना स्वतःच अशी टीम बोलावता येते, नियमाला तिचंच नाव आहे. आपल्याकडे असा नियम येईल तेव्हा येवो. त्या रात्री माझ्यासाठी नियम म्हणजे तुम्हीच होतात. एवढ्या धावपळीत एका घाबरलेल्या बाईचं वाक्य पुरतं होऊ देणं, हे कुठल्या ट्रेनिंगात शिकवतात का हो? की घरूनच आणावं लागतं?

नाना घरी आलेत. सकाळी सहाला एक चहा, साडेसातला दुसरा. तिसऱ्यासाठी आमचं रोज भांडण होतं.

तुमची,
खिडकीजवळच्या नानांची मुलगी