मोटारी भरणाऱ्या अण्णांना, पवनचक्कीवाल्याकडून

आदरणीय अण्णा,
सा. न. वि. वि.

तुमच्या तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही पोऱ्याला चहा सांगता आणि दुसऱ्याच गिऱ्हाइकाच्या जळक्या मोटारीवर बोलायला लागता. म्हणून हे चारचौघांत लिहितोय. दुसरं कारण जरा स्वार्थाचं आहे. पवनचक्की फिरायला लागल्यापासून चांदवड-येवल्याकडून सुद्धा माणसं येऊन विचारतात, "जनरेटर कुठून आणला?" नाशिकमधल्या सातपूरच्या एका मोटारी भरणाऱ्या, म्हणजे जळक्या मोटारींत नव्याने तार गुंडाळणाऱ्या, माणसाच्या गाळ्यात तो बनला, हे पहिल्यापासून सांगायचं तर चहाचे दोन राउंड होतात. आता त्यांच्या हातात हे पत्र देईन.

तुम्हाला माहीतच आहे, पण वाचणाऱ्यांसाठी सांगतो. आमची वस्ती सिन्नरच्या माळावर. गोठ्याभोवती रात्रभर उजेड लागतो, कारण बिबट्या. सोलर पॅनेल आहे आणि ते उन्हाळ्या-हिवाळ्यात चोख काम करतं. पण आषाढ-श्रावणात आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, आणि नेमका तेव्हाच पश्चिमेचा वारा माळावर उभं राहू देत नाही. एकाची सुट्टी ती दुसऱ्याची हजेरी. पवनचक्की करायची ती एवढ्यासाठी. साक्रीजवळ ब्राह्मणवेलच्या पठारावरचे मोठे पंखे बघून हौस आली असेल असं पुष्कळांना वाटतं. हौस होती, नाही म्हणत नाही.

शिवणीच्या लाकडाची तीन पाती मी तासून ठेवली होती. जनरेटर शोधायला निघालो तर जिथे जाईन तिथे एकच प्रश्न: "किती वॅटचा पाहिजे?" अण्णा, तो प्रश्न न विचारणारे तुम्ही पहिले. तुम्ही विचारलंत, "पातं किती फुटी? आणि फिरणार किती?"

मग वार्निशच्या रिकाम्या खोक्यावर आपण हिशेब मांडला. चक्राचा व्यास २.४ मीटर. पात्याच्या टोकाचा वेग वाऱ्याच्या सहापट धरला, तर सेकंदाला ३ मीटरच्या वाऱ्यात चक्र मिनिटाला १४०-१५० फेरे घेणार आणि ५ मीटरच्या वाऱ्यात २४० च्या आसपास. तुम्ही पेन कानावर ठेवून म्हणालात, "हे तर छताच्या पंख्यापेक्षा सावकाश. माझी मोटार १,४४० ला पळते." तिथेच निम्मा प्रश्न सुटला होता, फक्त तो मला उशिरा उमगला.

उरलेला निम्मा ताकदीचा. त्या चक्राच्या घेरातून जाणाऱ्या ५ मीटरच्या वाऱ्यात सगळी मिळून साधारण तीनशे वॅट ताकद असते. आल्बर्ट बेट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने शंभर वर्षांपूर्वीच दाखवून दिलंय की त्यातला ५९.३ टक्क्यांपेक्षा जास्त हिस्सा कुठल्याही चक्राला काढता येत नाही. घरी केलेल्या चक्कीतून, तारांमधली आणि एसीचं डीसी करणाऱ्या डायोडमधली गळती वजा जाता, बॅटरीपर्यंत पाव हिस्सा पोहोचला तरी पुष्कळ. म्हणजे पाऊणशे-ऐंशी वॅट. वारा दुप्पट झाला की ताकद आठपट होते हे खरं, पण दुप्पट वारा रोज नसतो. तेव्हा प्लेटवर हजार वॅट लिहिलेलं यंत्र घेऊन करायचं काय?

माझ्याकडे दोन वस्तू जमलेल्या होत्या. भंगारातला गाडीचा अल्टरनेटर आणि एका व्यायामशाळेच्या ट्रेडमिलची डीसी मोटार. तुम्ही दोन्हींना नावं ठेवली नाहीत. अल्टरनेटर शेजारच्या गाळ्यातल्या लेथच्या चकमध्ये धरलात, बाहेरून बॅटरी जोडलीत आणि फेरे वाढवत नेले. अडीचशेला काही नाही. पाचशेलाही नाही. हजाराच्या पुढे गेल्यावर कुठे मीटरचा काटा उलट्या दिशेने सरकला आणि बॅटरीत करंट जायला लागला. वर त्याच्या फिल्डला, म्हणजे चुंबकाचं काम करणाऱ्या आतल्या कॉइलला, स्वतःचेच तीनेक अँपिअर लागतात, म्हणजे पस्तीस-चाळीस वॅट. तुमचं वाक्य मी तेव्हाच पाठ केलं: "ऐंशीच्या कमाईत चाळीस मुनिमाला पगार द्यायचा का?" पट्टा लावून फेरे वाढवता येतील असं लेथवाला टर्नर म्हणाला, तर तुम्ही नुसतं वर बोट दाखवलंत. चाळीस फुटांवर चढून पट्टा कोण बदलणार?

ट्रेडमिलच्या मोटारीला तर लेथसुद्धा लागला नाही. प्लेट वाचलीत, १८० व्होल्ट, ४,००० आरपीएम (मिनिटाला फेरे), आणि तोंडीच भागाकार केलात. हजार फेऱ्यांना ४५ व्होल्ट, म्हणजे आपल्या २४० फेऱ्यांना अकराच्या आत. चोवीस व्होल्टची बॅटरी त्यावर कशी भरायची? जे लोक माझ्याकडे मोटारी घेऊन येतात त्यांना मी आता हाच भागाकार करायला लावतो. चुंबकाची डीसी मोटार असेल तर व्होल्टला आरपीएमने भागा, आपल्या पात्याच्या फेऱ्यांनी गुणा. पाच मिनिटांत कळतं, आणि भंगारवाल्याला पैसे देण्याच्या आधी कळतं.

खरं म्हणजे तुमच्या कोपऱ्यात दोन हॉर्सपॉवरची रिकामी बॉडी पडलेली होती. तिच्या रोटरवर चुंबक बसवून ती माझ्या गळ्यात मारता आली असती. तुम्हीच म्हणालात, "नको. स्टॅम्पिंगचे, म्हणजे आतल्या लोखंडी पत्र्यांचे, दाते चुंबकाला धरून ठेवतात, हाताने फिरवलं तरी ठेचकाळत जाईल. हलक्या वाऱ्यात तुझं चक्र हलणारच नाही." धंद्यातल्या माणसाने आपल्याकडचा माल असा नाकारलेला मी फार कमी वेळा पाहिलाय.

राहिला तो चपटा जनरेटर. लोखंडी दोन तबकड्या, प्रत्येकीवर बारा निओडिमियम चुंबक, मध्ये रेझिनमध्ये ओतलेली नऊ कॉइलची चकती, आणि त्या चकतीत लोखंडाचा कणही नाही. त्यामुळे अडकणं नाही. फिरायला जुन्या मारुती ८०० च्या मागच्या चाकाचा हब, बेअरिंगसकट. चित्र मी दाखवलं, पण त्यात कॉइलला किती टर्न (वेढे) घालायचे हे आपल्या चुंबकांसाठी, आपल्या फेऱ्यांसाठी कोण सांगणार? इथे तुम्ही जे केलंत त्यासाठी हे पत्र आहे.

तुम्ही अंदाज करायला नकार दिलात. लाकडी फॉर्म्यावर एकच कॉइल गुंडाळलीत, मोजून ५० टर्न. तबकड्या हबवर, हब लेथवर, कॉइल दोन्हींच्या मधल्या फटीत पट्टीला बांधून धरलेली. लेथ १५० फेऱ्यांवर लावला आणि मीटरवर आले २.३ व्होल्ट एसी. मग त्याच खोक्यावर उलटा हिशेब. चोवीसची बॅटरी भरायला सुरुवात व्हायची तर डीसी बाजूला पंचवीस व्होल्ट, अधिक डायोडमध्ये जाणारा दीड, म्हणजे साडेसव्वीस. नऊ कॉइल तीन-तीनच्या गटांत, एकेक गट म्हणजे एक फेज. साडेसव्वीसला १.४१ ने भागलं की दोन फेजमधले पावणेएकोणीस. स्टार जोडणी (तिन्ही फेजचं एकेक टोक एकत्र), म्हणून १.७३ ने भागलं, एका फेजला १०.८. फेजमध्ये तीन कॉइल, म्हणजे एकीला ३.६. पन्नास टर्नला २.३ मिळतात तर ३.६ ला किती? अठ्ठ्याहत्तर. तुम्ही ८० केलेत. कॉलेजात हीच सूत्रं मी परीक्षेपुरती लिहिली होती; त्यांचा असा वापर तुमच्या गाळ्यात बघितला.

तो सगळा उन्हाळ्याचा हंगाम होता. तुमच्या दारात विहिरीवरच्या जळक्या मोटारींची रांग, शेतकऱ्यांचे फोनवर फोन, आणि तुम्ही संध्याकाळी शटर अर्धं ओढून माझ्या कॉइल गुंडाळत बसायचात. एका जाड तारेऐवजी दोन बारीक तारा जोडीने, म्हणजे वळायलाही सोपं आणि आतल्या आत तापणंही कमी. प्रत्येक कॉइल एकाच दिशेने, प्रत्येकीच्या सुरुवातीला पिवळी स्लीव्ह, शेवटाला काळी. तीन फेज अशा: एक-चार-सात, दोन-पाच-आठ, तीन-सहा-नऊ. चुंबक चिकटवताना तुम्ही मनगटावरचं घड्याळ काढून बाहेर स्कूटरच्या डिकीत ठेवलंत आणि मलाही मोबाइल तिथेच टाकायला लावलात. दुसरी तबकडी पहिलीवर नुसत्या हातांनी ठेवायला निघालेल्या माझ्या भाच्याला जे काही ऐकवलंत ते इथे लिहीत नाही. तीन लांब जॅकिंग बोल्टवर ती सुतासुताने खाली उतरली, आणि सगळ्यांची दहाच्या दहा बोटं शाबूत राहिली. त्या चुंबकांची ओढ ज्याने पाहिली नाही त्याला ही खबरदारी जास्तीची वाटेल.

रेझिन ओतणं टर्नरने सांभाळलं. टाल्क पावडर मिसळल्यामुळे ते जमताना फार तापलं नाही, एवढंच नोंदवून पुढे जातो.

उभारणीच्या दिवशी तुम्ही येणार असं ठरलं नव्हतं. तरी सिन्नर घाट चढून स्कूटरवर आलात. चार बाजूंना खांब ताणून धरणाऱ्या स्टे वायर, मुरमात पुरलेले अँकर, आणि ट्रॅक्टरने ओढून उभा करायचा पाइप. बिजागरी आणि दोन बाजूंचे अँकर एका रेषेत आहेत का हे दोरी लावून तपासलंत. तसे नसते तर खांब उठताना बाजूची एक वायर ताणून तुटली असती. आणि ट्रॅक्टर सुरू करण्याआधी जनरेटरच्या तिन्ही तारा खाली एकत्र पिळून शॉर्ट केल्यात. तेव्हा वारा बरा होता, पण चक्र जड झाल्यासारखं नुसतं डुलत राहिलं, फिरलं नाही. आता तिथे कायमचा ब्रेक स्विच आहे, तीन तारा शॉर्ट करणारा. वादळाची चाहूल लागली की आई सुद्धा तो टाकते. फार जोराच्या वाऱ्यात शेपटी मुडपून चक्र आपोआप तिरकं होतं, पण आईचा भरवसा स्विचवर जास्त.

आणि ती शेगडीची स्प्रिंग! बॅटरी भरली की जनरेटरला मोकळं सोडायचं नाही, नाहीतर चक्र बेफाम सुटतं, एवढं मला माहीत होतं. जास्तीची वीज जिरवायला लोड लागतो, आणि चोवीस व्होल्टचा तसा लोड मला कुठे मिळेना. तुम्ही दुकानातून २,००० वॅटची साधी शेगडीची कॉइल आणलीत, तिचे चार सारखे तुकडे केलेत आणि ते चारही एकाशेजारी एक पॅरलल जोडलेत. अख्ख्या कॉइलचा रेझिस्टन्स साडेसव्वीस ओहम, तुकड्याचा त्याच्या चौथा हिस्सा, आणि चार तुकडे पॅरलल म्हणून त्याच्याही चौथा. १.६५ ओहम. अठ्ठावीस व्होल्टला पावणेपाचशे वॅट सहज जिरतात, आणि प्रत्येक तुकड्यातून जाणारा करंट शेगडीत जायचा त्याच्या निम्मा, त्यामुळे जळायची भीती नाही. मातीच्या प्लेटवर बसवून ती कॉइल भिंतीपासून दूर टांगली आहे. श्रावणातल्या रात्री ती कोमट असते आणि मांजर तिच्याखाली झोपतं. मांजराबद्दल तुम्ही काही सूचना केली नव्हती.

आता हालहवाल. हलक्या झुळुकीत चक्र फिरतं पण चार्जिंग नाही. अँपिअरचा काटा तीन-साडेतीन मीटरच्या वाऱ्याला हलतो, म्हणजे तुमच्या ८० टर्नचा हिशेब बरोबर निघाला. रात्रीच्या गोठ्याच्या दिव्यांना आणि कुंपणाच्या झटका मशीनला पावसाळाभर वीज पुरली. वरून येणारी केबल पाइपमध्ये थोडी पिळली जाते. तुमच्या सांगण्यावरून खाली प्लग ठेवलाय, तो काढून पीळ सोडवतो. दिवाळीच्या सुमाराला वारा पडला की मात्र चक्कीचा काही उपयोग नाही, तेव्हा पॅनेलचं राज्य. हे मी येणाऱ्या प्रत्येकाला स्पष्ट सांगतो. ज्याच्याभोवती झाडं आहेत किंवा जो सखल भागात राहतो, त्याला सरळ पॅनेलच घ्यायला सांगतो. काहींचा चेहरा पडतो.

तुम्ही तांब्याचे वजनावर पैसे घेतलेत आणि मजुरी विचारली तर "पुढच्या वेळी" म्हणालात. ती पुढची वेळ आता येतेय. वारा थंडावला की खांब खाली घ्यायचा आहे. बेअरिंगला ग्रीस, पात्यांना जवसाचं तेल, आणि चुंबकांच्या कडेला कुठे गंज धरलाय का ते तुमच्या नजरेने बघायचंय. ट्रॅक्टरवाल्याला सांगून ठेवलंय. जेवायला मांडे आहेत. मजुरीचं पाकीट तुम्ही घेणार नाही हे गृहीत धरून मी ते आधीच काकूंकडे पोहोचवणार आहे, तेव्हा रस्त्यात अडवू नका.

आपला,
सिन्नरच्या माळावरचा पवनचक्कीवाला