पुन्हा काढायचाच असेल तर ‘सावकारी पाश’ काढा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुने मराठी चित्रपट नव्याने काढावेत की नाही, यावर आपल्या दैनिकात वाचकांची पत्रं येत आहेत. बहुतेकांचं म्हणणं एकच, जुन्याला हात लावू नका. मला ते पटत नाही. बाबूराव पेंटरांनी स्वतःचाच ‘सावकारी पाश’ दोनदा काढला. १९२५ साली मूकपट, त्यात शेतकरी झाले होते व्ही. शांताराम, आणि १९३६ साली बोलपट. मधल्या काळात, १९३२ला, मराठी चित्रपट बोलू लागला होता. ज्या कुणब्याचं रान कागदोपत्री लुबाडलं गेलं तो अकरा वर्षं पडद्यावर मुकाच राहिला होता. त्याला वाचा फुटावी म्हणून तीच गोष्ट पुन्हा सांगितली, तर तिला नक्कल कसं म्हणायचं?

मी हा बोलपट पाहिला तो पुण्यात, लेकीकडे राहायला गेले होते तेव्हा. तीस-पस्तीस माणसं असतील. जमीन जाते आणि तो शहरात गिरणीची वाट धरतो, तिथे शेजारच्या बाई उसासा टाकून म्हणाल्या, “तो काळच तसा होता.” मला मात्र आमच्या अण्णांचं धोतर आठवत होतं.

१९७२च्या दुष्काळात मी दहा वर्षांची. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची आणि आम्ही पोरं तिथे वाटल्या जाणाऱ्या सुकडीच्या आशेने तिच्या मागे. अण्णांनी गावातल्या सावकाराकडून ज्वारी आणली, दिढीनं. म्हणजे एक पोतं न्यायचं आणि सुगीला दीड घालायचं. सुगी आलीच नाही. मग बियाण्याला पैसे, त्यावर व्याज, व्याजावर व्याज, आणि शेवटी तालुक्याला जाऊन कागद. तो कागद कर्जाचा नव्हताच, खरेदीखत होतं. पैसे फिटले की रान माघारी, हे सगळं तोंडी. अण्णांनी शाईचा अंगठा धोतराला पुसला. तो निळा डाग आईनं राखेनं घासला, सोड्यात उकळला. पुढं धोतर विरलं, त्याच्या पट्ट्या गोधडीला लागल्या, तरी डाग तसाच. नदीकाठचं तीन एकर काही माघारी आलं नाही. आता २०१४च्या सावकारी कायद्याने अशा खरेदीखताविरुद्ध जिल्हा उपनिबंधकांकडे दाद मागता येते. पण तोंडी बोलीला पुरावा कुठून आणायचा, हे अण्णांसारख्या माणसाला आजही कुणी सांगत नाही.

आमच्या गावात आता तसा सावकार राहिला नाही. दर मंगळवारी सकाळी नऊला गटाच्या बाया एका ओसरीवर गोल करून बसतात. कर्ज देणाऱ्या कंपनीचा पोरगा मोटारसायकलवर येतो, सगळ्यांना मावशी म्हणतो, बोलायला चांगला आहे. एकीचा हप्ता कमी पडला की तो भरेपर्यंत कुणालाच उठता येत नाही. बाकीच्या पदराच्या गाठी सोडतात, दहा-वीस काढून देतात आणि तिच्याकडे न बघता वेचणीला जातात. ते न बघणं मी पाहिलं आहे.

गेल्या साली माझ्या भावजयीनं नवं कर्ज घेतलं तेव्हा मी तिच्याजवळ बसले होते. अंगठा यंत्रावर ठेवायचा होता. कापूस वेचून वेचून, बोंडाच्या काट्यांनी तिच्या बोटांच्या रेघा झिजलेल्या. यंत्र अंगठा घेईना. पोरगा म्हणाला, “मावशी, जरा तेल लावा.” लावलं. मग पुसला, मग पुन्हा ठेवला, मग डाव्या हाताचा. हिरवा दिवा लागला तेव्हा ती सुटल्यासारखी हसली, आणि अंगठा पदराला पुसला. त्यावर शाई नव्हती, नुसतं तेल होतं.

हे पाहिल्यावर ‘तो काळच तसा होता’ असं मला कसं म्हणता येईल? जुन्या चित्रपटाने ज्या दुखण्यावर बोट ठेवलं ते अजून जितं असेल आणि त्याने तोंडवळा बदलला असेल, तर तो चित्रपट पुन्हा काढलाच पाहिजे.

उलट ‘सैराट’चं घ्या. २०१६चा चित्रपट, २०१८ला हिंदीत ‘धडक’ म्हणून आला. दोन वर्षांत त्यातलं काय जुनं झालं होतं? ‘सैराट’ जिथे चित्रित झाला ते करमाळा आमच्या मराठवाड्यातल्या परंड्याला लागून. तिथली विहीर, ऊस, तिथली बोली, कुणी कुणाच्या दारात किती पुढं यायचं हे न सांगता सगळ्यांना ठाऊक असणं, यावर तर ती गोष्ट उभी होती. हिंदीत ती उदयपूरला गेली. गाण्यांच्या चाली सोबत गेल्या, जात मात्र वाटेतच विरली.

आणि १९३६चाच ‘संत तुकाराम’ कुणी पुन्हा काढू नये. विष्णुपंत पागनीसांच्या त्या चित्रपटाला व्हेनिसच्या महोत्सवात मान मिळाला, आजही तो पाहताना काही उणं वाटत नाही. २०१२चा ‘तुकाराम’ मला आवडला, कारण तो या चित्रपटाच्या मागे न जाता अभंगांकडे गेला. जो चित्रपट धडधाकट आहे त्याच्या रिमेकचा पैसा त्याची प्रत स्वच्छ करण्यावर घाला आणि तो परभणी-बीडला, तालुक्याच्या गावांना आणून दाखवा. आमच्याकडची कितीतरी मुलं सिनेमा फक्त मोबाइलवर पाहत वाढली आहेत.

‘सावकारी पाश’ कुणी नव्याने काढणार असेल तर एवढंच मागणं आहे. तो मराठवाड्यात काढावा, इथल्या बोलीत काढावा, बायांना मध्यभागी ठेवून काढावा. शेवटी कुणा पुढाऱ्याच्या हातून जमीन परत देववू नये. आणि यंत्रावरच्या अंगठ्याचा प्रसंग घाईनं उरकू नये. माझ्या भावजयीला तो नऊ वेळा ठेवावा लागला होता; पडद्यावरही नऊ वेळा ठेवू द्यावा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
सेलू, जि. परभणी