आईसाठी एक तास

हॅम्बुर्ग,
रविवार दुपार

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, नोकरी सांभाळून रोजचा एवढा सराव जमतो कसा? तेव्हा ‘झाली सवय’ एवढंच म्हणाले. खरं उत्तर मोठं आहे आणि त्यात आईचा वाटा फार मोठा आहे, म्हणून नीट लिहायला बसले.

आधी स्पर्धेबद्दल, कारण ती नेमकी काय असते हे मी अजून धड सांगितलेलंच नाही. हायरॉक्स 2017 साली इकडे जर्मनीतच सुरू झालं. सुरू करणाऱ्या दोघांपैकी मोरित्झ फ्युर्स्टे हा हॉकीपटू. 2008 आणि 2012 च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवलेल्या जर्मन संघात तो होता आणि आपल्या हॉकी इंडिया लीगमध्ये रांचीकडूनही खेळलाय. स्पर्धेत एक किलोमीटर पळायचं आणि लगेच एक ताकदीचं काम करायचं, असं आठ वेळा. बायकांच्या खुल्या गटात 102 किलोची स्लेज, म्हणजे वजनं लादलेली बिनचाकी घसरगाडी, 50 मीटर ढकलायची असते. पुढे कधी दोन्ही हातांत 16-16 किलोची वजनं घेऊन 200 मीटर चालायचं, कधी खांद्यावर 10 किलोची वाळूची पिशवी घेऊन एकेक गुडघा जमिनीला टेकवत 100 मीटर जायचं. सगळ्यात शेवटी 4 किलोचा चेंडू, बैठक मारून उठता उठता उंच खुणेवर फेकत राहायचा. यातलं एकेक काम सुटं केलं तर जमण्यासारखं आहे. स्लेजने मांड्या भरून आल्यावर पुढचा किलोमीटर पळणं, ही खरी परीक्षा. म्हणून सरावही तसाच करते, वजनं खाली ठेवली की लगेच पळायला.

माझा दिवस सुरू होतो तो आदल्या रात्री. पळायचे कपडे खुर्चीवर, बूट दाराशी, पाण्याची बाटली भरलेली, ऑफिसचा डबा फ्रीजमध्ये तयार, फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला. दहाला दिवा बंद. सकाळी उठल्यावर काहीही ठरवायचं उरत नाही, हेच महत्त्वाचं. आल्स्टर तलावाला बाहेरून वळसा घातला की साधारण साडेसात किलोमीटर होतात. सोमवार आणि शुक्रवार तो वळसा, तोही बोलता येईल इतक्या संथ गतीने. मंगळवार-गुरुवार संध्याकाळी ऑफिसातून परस्पर जिम. घरी येऊन मग जायचं म्हटलं की पाय निघत नाही, म्हणून बॅग सकाळीच बरोबर. डिसेंबरात इथे साडेआठला उजाडतं आणि चारला अंधार पडतो. तेव्हा मन तयार होण्याची वाट पाहिली असती, तर मार्चपर्यंत घरातच बसले असते.

रविवार स्वयंपाकाचा. मटकी भिजवते, पण थंडीत मोड यायला दोन दिवस लागतात, म्हणून ओव्हनचा नुसता दिवा लावून त्यात फडक्यात बांधून ठेवते. इथे क्वार्क मिळतं, अगदी आपल्या चक्क्यासारखं. त्यात जिरेपूड-मीठ घालून खाते. ज्वारीचं पीठ भारतीय दुकानात मिळतं. भाकरी अजून आईसारखी फुगत नाही, पण रोज होते. म्हणजे, आई, मी नीट जेवते, काळजी करू नकोस.

मधे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचा 2009 सालचा एक अभ्यास वाचनात आला. 96 जणांनी एकेक साधी सवय निवडली, जेवताना पाणी पिणं, जेवणाआधी थोडं पळणं, अशा. ती आपोआप होऊ लागायला साधारण 66 दिवस लागले. कुणाला 18 पुरले, तर कुणाला 254 लागतील असा हिशोब निघाला. व्यायामाच्या सवयी पाणी पिण्यापेक्षा सावकाश रुजल्या. एखादा दिवस चुकला म्हणून मात्र फारसं बिघडलं नाही. हे वाचून मला फार हायसं वाटलं. फेब्रुवारीत ताप आला तेव्हा मी शांतपणे झोपून राहिले आणि बरं वाटल्यावर त्याच वेळेला, त्याच दारातून बाहेर पडले.

आता जे लिहायचं होतं ते. आदल्या रात्री बाटली भरताना मला आई दिसते. बाबा, तुमचं पर्वतीला जाणं इतकी वर्षं चुकलेलं नाही. 103 पायऱ्या, देवदर्शन, साडेसहाला घरी परत. मला नेमाची ओढ तुमच्याकडूनच लागली, हे मी कुणालाही अभिमानाने सांगते. पण तुम्ही निघायच्या आधी चहा झालेला असायचा, स्वेटर खुंटीला असायचा. तुम्ही पायऱ्या चढत असताना महापालिकेचं पाणी यायचं आणि आई पिंप भरत असायची. मग दूध, माझा डबा, तुमचा डबा. इथे ती सगळी पूर्वतयारी स्वतः करायला लागल्यावर मला कळलं की नियम निश्चयावर जेमतेम चालतो, खरा चालतो तो तयारीवर. आपल्या घरात सगळ्यांची तयारी एकटी आई करत आली, आणि तिच्या व्यायामाची तयारी कुणीच केली नाही. शाळेत खो-खोच्या संघात होती ती! तिची पळती आम्ही कुणी पाहिलेली नाही, पण मावशी अजून सांगते की आई लवकर बाद व्हायचीच नाही.

आई, तू दरवेळी म्हणतेस की घरकामात व्यायाम होतोच. होते ती दमणूक. पाळी थांबल्यावर बायकांच्या हाडांची झीज झपाट्याने होते आणि हाडांना थोडा भार मिळाला तर ती टिकायला मदत होते. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान 150 मिनिटं दम लागेल असं चालणं-फिरणं आणि त्याशिवाय दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगते. पासष्टीच्या पुढे तोल सांभाळायचे व्यायामही आठवड्यातून तीनदा करायला सांगतात, तेव्हा बाबा, नुसत्या पर्वतीवर तुमचंही भागणार नाही.

माझं म्हणणं असं. संध्याकाळी सहा ते सात आईची. चार दिवस मावशीबरोबर तळजाईच्या टेकडीवर फिरायला, दोन दिवस घरीच: हात न टेकता खुर्चीवरून उठणं-बसणं, भिंतीला हात लावून जोर, टाचा उचलून उभं राहणं, दोन हातांत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घेऊन हॉलमध्ये येरझाऱ्या. गुडघ्याचं आधी डॉक्टरांना विचारून घ्या. हे ओट्याशी कुकरच्या शिट्ट्या मोजत करायचं नाही, त्या तासात आई स्वयंपाकघरात जाणारच नाही. कुकर बाबांनी लावायचा. डाळ-तांदूळ दुपारीच काढून ठेवायचे, आणि आईचे चालायचे बूट चपलांच्या कपाटात मागे न सारता दाराशी ठेवायचे, तेही बाबांनीच. बूट नाहीत हे मला माहीत आहे. पैसे पाठवलेत, या शनिवारी लक्ष्मी रोडला जाऊन दोघांनी मिळून घ्या. संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात आणि माप बरोबर मिळतं.

माझी स्पर्धा पुढच्या महिन्यात आहे, निकाल फोनवर सांगेनच. या पत्राचं उत्तर मात्र आईने लिहायचं, आणि पहिल्या आठवड्यात कोणकोणत्या दिवशी तळजाईला जाणं झालं ते कळवायचं.

आजीला नमस्कार.

तुमची,
मेधा